व्हॅलेन्सियात ऐकलेली आप्पांची शिट्टी

सुरतची बाई असला अनुभव लिहायला बसली म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्यांनी मनात ‘डुमस’ म्हणून टाकलं असणार. तो झपाटलेला म्हणतात तो समुद्रकिनारा, काळी वाळू, कुजबुजणारे आवाज, परत न आलेली माणसं... तर नाही. आम्ही सुरतवाले डुमसला टमाट्याची भजी खायला जातो, आणि तिथे मला आजवर भेटलेली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे रविवारचं पार्किंग. भुतंखेतं, नजर, अंगात येणं — यातलं काहीही मी कधी मानलं नाही. मी पांडेसऱ्यात एका साडीच्या युनिटमध्ये कॉम्प्युटरवर डिझाइनं काढते. तिथे एक चौकोन चुकला की सगळा ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, चुकतो, त्यामुळे ‘असेल बुवा काहीतरी’ हे वाक्य मला चालत नाही. इथले किस्से मी वर्षानुवर्षं वाचत आलेय ते प्रत्येकाचा मनातल्या मनात खुलासा करण्यासाठी. आता माझाच किस्सा सांगते. खुलासा करून दाखवा.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, खानदेशातल्या शिंदखेड्याकडचे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेत आले आणि लूमच्या खात्यात लागले. कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. तेव्हा सगळे शटलचे लूम होते... धडाक्-खटाक्, धडाक्-खटाक्, अख्ख्या गल्लीच्या भिंती थरथरायच्या. आता वॉटरजेट आले, त्यांचाही आवाज आहेच, पण ती थरथर गेली. त्या गोंगाटात शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून कारागीर बोलायचे ते हातांनी आणि शिट्ट्यांनी. पाणी आण, सेठ आला, सुताचा बीम संपला, अमक्याला बोलाव... सगळ्याला शिट्टी. आणि प्रत्येकाची शिट्टी वेगळी, जशी प्रत्येकाची हाक वेगळी असते.

आप्पांची तर लाखात ओळखू यायची. एकदा लूममधलं शटल, म्हणजे धोटा, उडून त्यांच्या तोंडावर बसलं होतं आणि समोरच्या दाताचा अर्धा तुकडा पडला होता. त्या फटीतून त्यांच्या शिट्टीच्या शेवटी हवा निसटायची... कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर बारीक वाफ येत राहते ना, तसं ‘स्स्’. मी आणि माझा धाकटा भाऊ निलेश त्याला ‘आप्पांच्या शिट्टीचं शेपूट’ म्हणायचो. मी कितीतरी दुपारी ओट्यावर बसून तशी शिट्टी मारायचा प्रयत्न केलाय. थुंकी उडायची, बाकी काही नाही. माय ओरडायची, पोरीच्या जातीला शोभतं का म्हणून, आणि आप्पा आतून हसायचे.

आम्ही लहान होतो तेव्हा माय दुपारी डबा घेऊन खात्यावर जायची, आम्हा दोघांना सोबत घेऊन. चालू पाळीत बाहेरच्याला आत सोडत नसत. ती दाराबाहेरच्या पायरीवर रुमाल अंथरून, डबा मांडीवर घेऊन बसायची. आतून शिट्टी यायची. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ‘थांब, येतोच’. ताण्याचा धागा तुटलाय, सांधतोय, थांब. मग थोड्या वेळाने आप्पा डोक्यावरचा कापूस झटकत बाहेर यायचे आणि दोघं त्या पायरीवर एका डब्यात जेवायची. पण कधी शेजारचा कारागीर आलेला नसला की त्याचेही लूम आप्पांच्या गळ्यात पडायचे. तेव्हा तीन आखूड शिट्ट्या यायच्या. ‘जा, मला वेळ आहे, तू जेवून घे.’ माय डबा वॉचमनकडे द्यायची, रुमाल झटकून घडी घालायची आणि आम्हाला म्हणायची, “चाला.” बस. त्यांचा सगळा संसार या दोन शिट्ट्यांवर चालला म्हटलं तरी चालेल.

आम्ही शाळेत जायला लागल्यावर माय पण त्याच खात्यात बॉबिन भरायला लागली. त्या कामाने तिचे कान नेले. आता कानाला मशीन लावलं तर समोरचं बोलणं समजतं. मशीन काढलं की कानाशी ताट आपटलं तरी ती वळून बघत नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. डॉक्टरांनी तपासलेलं आहे, आमच्या मनाचं नाही.

आप्पा गेले त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही सुरतेतच भेस्तानच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, आप्पा घरीच असायचे. दुपारी माय भाकरी टाकत होती. त्यांच्या छातीत कसंतरी व्हायला लागलं. शेजारच्याच्या रिक्षात स्वतःच्या पायांनी जाऊन बसले. जाताना दारातून तिला हात करून म्हणाले, “थांब वं, येसूच मी.” थांब, येतोच. आले नाहीत.

आणि तेव्हापासून माय दुपारी थांबायला लागली. वेड लागलं असं मुळीच नाही. हिशेबाला पक्की, भाजीवाल्याशी गुजरातीत भांडणारी बाई. पण दुपारचं जेवण वाढलं की ताटावर ताट झाकून दाराकडे तोंड करून बसायची. उन्हं कलली की मग दोन घास खायची. तिला शुगर आहे. किती वेळा चक्कर येऊन पडली. मी रागावले, रडले, निलेशने फोनवरून समजावलं... ती म्हणायची, “खाई ल्हिसू ना. घाई काय शे?” माझ्या जिवाला एवढाच घोर होता, की एखाद्या दुपारी मी युनिटमध्ये असेन आणि ही त्या झाकलेल्या ताटासमोर आडवी झालेली असेल.

निलेश स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असतो, कॉम्प्युटरच्या कामात. तो म्हणाला, ताई, तिला जागेवरून हलव. दार बदललं की सवय बदलेल. म्हणून दिवाळी झाल्यावर मी मायला घेऊन गेले.

गाव म्हणजे काय सांगू! समुद्रकाठचं, रोमन लोकांच्या वेळचं. मधोमध जुनं शहर, अरुंद गल्ल्या, रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लटकलेली. मायने पहिल्याच दिवशी एक तोडून चाखलं आणि कडूजहर निघालं म्हणून झाडाकडे असं बघितलं की झाडालाच लाज वाटावी. समुद्रावर नेलं. पाणी निळंशार, वाळू सोनेरी. माय पदर सावरत उभी राहिली, म्हणाली, “समुद्र नीया शे. आपला डुमसना काया.” थोडं थांबून, “पन भजा कोठे शेतस?” सागुंतो नावाचं जवळचं गाव आहे, डोंगरावर किल्ला, खाली रोमन लोकांचं नाट्यगृह. धापा टाकत वर चढलो तर म्हणते, “इतलं चढीसन देखाले दगडंच?” मात्र शहराबाहेर अल्बुफेरा म्हणून मोठं तळं आहे, तिथे ती रमली. तळ्याभोवती भाताची शेतं, कापणी होऊन खाचरांत पाणी सोडलेलं. नावेत बसल्या बसल्या तिने हात बुडवून तळाचा चिखल बोटांत चोळून बघितला आणि “हाई ते आपलंच वावर शे” म्हणून नावाड्याला अहिराणीत पिकाबद्दल काय काय विचारलं. तो स्पॅनिशमध्ये उत्तरं देत होता. दोघांचं छान चाललं होतं.

पण दुपार झाली की तेच. तिथे तिला बाहेरचं चालत नव्हतं म्हणून मी रोज भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भाजी स्टीलच्या डब्यात भरून घ्यायची. आम्ही कुठेही असलो तरी ती डबा मांडीवर घेऊन बसून राहायची. त्या निळ्याशार समुद्रासमोरसुद्धा. मला तर तो प्रवासच फुकट गेल्यासारखा वाटायला लागला होता.

आता त्या दिवशीचं सांगते. निलेश ऑफिसला गेला होता. आम्ही दोघी जुन्या शहरात गेलो. आधी त्यांचा जुना रेशीम बाजार बघितला. दगडाचे उंचच उंच खांब, दोरीला पीळ द्यावा तसे पीळ दिलेले. मायने एका खांबावरून हात फिरवला आणि पीळ उलटा की सुलटा ते बघितलं, बाकी छताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हे शहर एकेकाळी रेशमावर चालायचं, आपल्या सुरतसारखंच. तिथून थोड्या अंतरावर विणकरांची वस्ती आहे. मखमल विणणारे राहायचे म्हणून त्या भागाला त्यांचंच नाव पडलंय. तिथे एक रेशमाचं संग्रहालय आहे, आत जुने हातमाग.

रस्त्यावरच्या गोंगाटाने डोकं उठलं म्हणून मायने मशीन काढून माझ्याकडे दिलं होतं. मी ते बंद करून डबीत घातलं आणि डबी माझ्या पर्समध्ये ठेवली. तुमच्यातले जाणकार म्हणतील की कानाची मशीनं कधी कधी शिट्टी मारतात. मारतात. पण मशीन बंद होतं आणि माझ्या पर्समध्ये होतं.

आत एक बाई माग चालवून दाखवत होती. थाप बसली की लाकडी जमीन हलायची. माय काही वेळ बघत राहिली, मग चप्पल काढून अनवाणी उभी राहिली. तळपायांनी ऐकत होती! माझ्याकडे बघून हसली. “चालू शे,” म्हणाली. आप्पा गेल्यानंतर मी तिला इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. मला भरून आलं. तोंड धुवावं म्हणून मी तिला अंगणातल्या बाकावर बसवलं, डबा तिच्या हातात दिला, हातांनी खुणा करून ‘इथेच बस’ सांगितलं आणि आत गेले.

परत आले तर बाक रिकामा.

संग्रहालयभर शोधलं. माग चालवणारी बाई मला मदत करायला धावली, पण लुगड्यातली म्हातारी तिच्याही नजरेला पडली नव्हती. मी बाहेर पळाले. दुपारची वेळ... तिथे दुपारी सगळं बंद असतं, शटर खाली, खिडक्या लावलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळ्या गल्ल्या सारख्याच. मी “माय! ए माय!” करून ओरडत सुटले आणि एका वळणावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाला हाका मारतेय? तिला ऐकू येत नाही. तिच्याकडे फोन नाही. इथली भाषा येत नाही. कुणी मदतीला आलं तरी तो काय बोलतोय ते तिला कळणार नाही. आणि पोटात सकाळपासून अन्न नाही. चक्कर येऊन पडली तर? कुठे? कोणत्या गल्लीत?

मी थांबले. एका भिंतीला टेकले. तेव्हा वेड्यासारखं मनात आलं, आवाज पोचत नव्हता तेव्हा आप्पा तिला कसे बोलवायचे? मी दोन बोटं तोंडात घातली, जीभ दुमडली आणि फुंकर मारली. लहानपणी निघायची तेवढीच नुसती हवा निघाली. पुन्हा मारली. पुन्हा तेच. मी रडायला लागले.

आणि शिट्टी आली.

एक लांब. दोन आखूड. आणि शेवटी... ‘स्स्’.

डाव्या हाताच्या गल्लीतून आली होती. मी पळाले. गल्ली रिकामी. टोकाला गेले तर पुन्हा तीच, आता उजवीकडून. लांब, आखूड, आखूड, शेपूट. दर वळणावर ती माझ्या थोडी पुढे असायची. मला भीती वाटत होती का? खरं सांगते, नव्हती वाटत. शाळा सुटल्यावर खात्याच्या दिशेने पळताना वाटायचं तसं वाटत होतं. कापसाचा आणि ऑइलचा वास येईल आता, असं वाटत होतं.

शेवटच्या गल्लीत एक जुनी तीन मजली इमारत होती. मोठं लाकडी दार, त्याला साखळी आणि गंजलेलं कुलूप. दारासमोर झिजलेली दगडी पायरी. पायरीवर रुमाल अंथरून माय बसली होती. डबा मांडीवर. न उघडलेला.

मी तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. तिने माझे डोळे पुसले.

“काब्र रडस वं? मी आठेच बठेल शे.”

मी खुणा करून विचारलं, इथे कशी आलीस? का आलीस?

ती मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, “तुना आप्पानी शिट्टी मारी ना. थांब म्हने, येसूच.”

मी पर्समधली डबी काढून बघितली. मशीन आतच होतं, बंद. मी तिच्या कानामागे, तिला न दिसेल अशी, जोरात टाळी वाजवली. तिने मान वळवली नाही. ती त्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत होती.

मी तिचा दंड धरला. “चाल माय, घर जाऊत.”

ओठांवरून तिला कळलं. तिने मान हलवली. “नई. थांब सांगेल शे त्यानी.”

मी विनवण्या केल्या. हाताला धरून उठवायला गेले तर ती अशी घट्ट बसली की मला हलवता येईना. ऊन पायरीवरून सरकत समोरच्या भिंतीवर गेलं. मला कळून चुकलं की ही आता उठणार नाही. भेस्तानमध्ये इतकी वर्षं दाराकडे बघत बसली तशीच इथे बसणार, आणि इथे तर तिला दारही मिळालं. मी हरले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. लहानपणी बसायचे तशी, तिच्या उजव्या बाजूला. निलेश बसायचा ती डावी बाजू रिकामी होती.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही.

मग मायने मान वर केली. एखाद्याचं बोलणं नीट ऐकून घ्यावं तशी मान थोडी तिरकी. मला काही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगते, त्या वेळी गल्लीत काहीही आवाज नव्हता. पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिच्या मांडीवरच्या बोटांनी डब्याच्या झाकणावर हलकेच टकटक केलं. तीन वेळा. आखूड.

तिचे डोळे भरून आले. मग तिने डबा त्या बंद दाराला टेकवून ठेवला, वॉचमनकडे द्यावा तसा. रुमाल उचलला, झटकला, घडी घातली.

“चाल वं पोरी,” म्हणाली. “जा म्हने तुना आप्पा.”

संध्याकाळी निलेशला सगळं सांगितलं. त्याने खुलासे काढायला सुरुवात केली. ताई, इथे लोक कुत्र्यांना शिट्ट्या मारतात. मागाच्या थापांनी तिला जुनं आठवलं असेल आणि ती चालत सुटली असेल. तू घाबरलेली होतीस, तुला भास झाला असेल. मी सगळं ऐकून घेतलं, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मग त्याने हळूच विचारलं, “शेपूट होतं?”

मी म्हटलं, “होतं.”

तो उठला. गॅलरीत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ती इमारत शोधायला गेलो. सापडली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला निलेशने विचारलं तर म्हणाला, पूर्वी वर माग होते, कधीच बंद पडले, आता कुणी राहत नाही. पण त्या भागातल्या निम्म्या इमारतींची हीच कथा आहे, त्यामुळे मी त्याला पुरावा मानत नाही. डबा मात्र पायरीवर नव्हता. कुणी गरजूने नेला असेल, किंवा सफाईवाल्याने. हा खुलासा मला पूर्ण मान्य आहे.

बाकीच्याचा खुलासा मला अजून सापडलेला नाही. ठार बहिरी बाई अनोळखी शहरात शिट्टी ऐकून एका दाराशी कशी पोचते? तीच शिट्टी मला कशी ऐकू येते? आणि दुसरी शिट्टी तिला आली ती मला का नाही आली? या शेवटच्या प्रश्नावर मी खूप विचार केलाय. मला वाटतं, ती माझ्यासाठी नव्हतीच. पण हे उत्तर नाही, हे मलाही कळतं.

आम्ही इमारत शोधून घरी परतलो तेव्हा ऐन दुपार होती. मी चप्पल काढतेय तोवर माय स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात एकच ताट होतं. दुसरं तिने मांडणीतून काढलंच नव्हतं.

“भूक लागनी,” म्हणाली. “वाढ वं.”